वीस चिंचोके, चार कांडप यंत्रं आणि आरमधला टॉप्सिस

बार्शीची लेक | शनिवार, रात्री १०:१२

आईच्या बचत गटाला मिरची कांडप यंत्र घ्यायचंय. १२ जणींचा गट, गाव बार्शी तालुक्यात. उन्हाळ्यात तिखट, येसर, काळा मसाला करून विकतात. आजवर मिरची दुसऱ्याच्या डंकावर न्यायच्या, तिथं रांगेत दिवस जायचा. आता कर्ज मंजूर व्हायच्या बेतात आहे आणि चार कोटेशनं आलीत. मागच्या रविवारी गावी गेले तर ओसरीवर त्यावरूनच जुंपलेली. मी पुण्यात आकडेवारीचं काम करते, म्हणून आईनं माझ्याकडं बोट केलं. "हिला इचारा, हिचा कंपुटर सांगंल." झालं, लॅपटॉप उघडला. आता पस्तावतेय, म्हणून हा धागा.

पर्याय असे:

अ – नवा डंक. ४५ हजार, ताशी १२ किलो, दुरुस्तीवाला १४ किमीवर, प्रत ९.
ब – नवा पल्व्हरायझर (भुकटी करणारी चक्की), धूळ धरायच्या पिशवीसकट. ६८ हजार, ताशी ३५ किलो, दुरुस्ती ४ किमी, प्रत ६.
क – मोठं यंत्र. ९५ हजार, ताशी ९० किलो, दुरुस्ती ६० किमी, प्रत ७.
ड – वापरलेला पल्व्हरायझर. ३० हजार, ताशी १५ किलो, दुरुस्ती ३० किमी, प्रत ५.

'प्रत' माझ्या मनची नाही. एकाच पोत्यातली ब्याडगी-गुंटूर मिसळ, प्रत्येक यंत्रावर २ किलो दळून आणली. वाट्यांवर नुसते नंबर चिकटवले, कुठली कुठल्या यंत्राची ते कुणाला सांगितलं नाही. बायकांनी रंग, वास, चिमटीत घेऊन बारीकपणा बघून दहापैकी गुण दिले. डंकाची वाटी कुठली ते आईनं हात न लावता ओळखलं, तो भाग वेगळा.

महत्त्व ठरवायला चार रिकाम्या वाट्या आणि २० चिंचोके दिले. कशाला किती महत्त्व, तेवढे चिंचोके त्या वाटीत. अर्धा तास काढ-घाल झाल्यावर किंमत ६, प्रत ६, ताशी किलो ४, दुरुस्तीचं अंतर ४.

मग आर, म्हणजे आकडेवारीसाठीची संगणकभाषा. टॉप्सिस (अनेक निकषांवरून पर्यायांचा क्रम लावायची पद्धत) नावाचंच पॅकेज आहे, त्यातल्या त्याच नावाच्या फंक्शनला तीन गोष्टी द्यायच्या: आकड्यांचं मॅट्रिक्स (तक्ता), भारांक (म्हणजे चिंचोक्यांचा वाटा), आणि प्रत्येक निकषासाठी अधिक किंवा उणे चिन्ह (जास्त असलेलं चांगलं की कमी असलेलं). सोपं वाटलं. पण भाच्यानं एक्सेलमध्ये आकडे देवनागरीत भरलेले, आर त्यांना आकडे मानायलाच तयार नाही, सगळं अक्षर म्हणून वाचतो. ते बदलले. मग फंक्शन म्हणे मॅट्रिक्स द्या, डेटा फ्रेम चालणार नाही. मॅट्रिक्स केलं तर यंत्राच्या नावांचा पहिला रकाना तसाच राहिला, त्याच्या संगतीनं बाकीचे आकडेही पुन्हा अक्षरं झाले. नावं काढून ओळींच्या शीर्षकात टाकली तेव्हा कुठं चाललं. आणि पहिल्याच फटक्यात क पहिला! ९५ हजारांचं, ६० किलोमीटरवर दुरुस्ती असलेलं यंत्र पहिलं? मी चारी निकषांना अधिक चिन्ह दिलेलं. किंमत आणि अंतर उणे करायला विसरले.

ते सुधारल्यावरचा निकाल (गुण शून्य ते एक, जास्त तो पुढं): अ ०.५४५, ब ०.५३८, ड ०.४७८, क ०.४२०.

प्रश्न असा, की अ आणि ब मध्ये नखाएवढा फरक आहे. एवढ्यावर आईला "डंक घ्या" म्हणून सांगू का?

---

रिकामटेकडा | रात्री १०:३१

तिखट कुरिअरनं पाठवतात का? पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. डंकाचं हवं.

---

रंधा | रात्री १०:५०

मला टॉप्सिस-बिप्सिस कळत नाही, पण मोटारी दुरुस्त करण्यात हयात गेली. ताशी ९० किलोचं यंत्र सिंगल फेजवर चालणार नाही. गटाच्या खोलीत थ्री फेज आहे का?

---

बार्शीची लेक | रात्री ११:०५

नाही, सिंगल फेजच. कोटेशन पुन्हा बघितलं, खाली बारीक अक्षरात थ्री फेज लिहिलंय. नवीन जोडणी या हंगामात तरी होणार नाही.

---

रंधा | रात्री ११:०९

मग तो यादीत कशाला? जे खोलीत चालणारच नाही त्याला गुण कसले देताय?

---

बार्शीची लेक | रात्री ११:४८

रंधाकाकांचं ऐकून क ची ओळ उडवली. भारांक तेच, चिन्हं तीच, आकडे तेच. क तसाही शेवटचा होता, वरच्यांना काय फरक पडणार, असं मनात धरून फंक्शन चालवलं.

ब ०.५६४, अ ०.५३४, ड ०.३८५.

तीनदा चालवलं. शेवटचा गेला आणि पहिल्या दोघांनी जागा बदलल्या. डंकात आणि पल्व्हरायझरमध्ये तर काहीच बदललेलं नाही! कोणी सांगेल का, माझं काय चुकलं?

---

जुनं खोड | रविवार, सकाळी ६:२०

तुमचं काही चुकलेलं नाही. पद्धतच तशी आहे. याला क्रम उलटणं म्हणतात आणि त्यावर चाळीस वर्षं वाद चालू आहे.

टॉप्सिस ह्वांग आणि यून यांनी १९८१ मध्ये मांडली. कल्पना देखणी आहे. प्रत्येक निकषातलं उत्तम उचलून एक काल्पनिक आदर्श यंत्र बनवायचं, वाईटातलं वाईट उचलून एक काल्पनिक टाकाऊ यंत्र बनवायचं. खरं यंत्र आदर्शाच्या किती जवळ आणि टाकाऊपासून किती लांब, यावर गुण. पण रुपये, किलो आणि किलोमीटर यांची बेरीज होत नाही, म्हणून आधी प्रत्येक रकान्याला त्याच रकान्यातल्या आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळानं भागायचं. घोळ इथं आहे.

तुमचा ताशी किलोचा रकाना घ्या. क असताना भाजक ९८.५ येतो, आणि त्यात जवळजवळ सगळा हात क च्या ९० चाच. मग अ चे १२ किलो होतात ०.१२, ब चे ३५ होतात ०.३६. फरक ०.२३. आता क काढा. भाजक ३९.९ वर येतो. अ झाला ०.३०, ब झाला ०.८८. फरक ०.५८. म्हणजे त्याच दोन यंत्रांमधलं तेच २३ किलोंचं अंतर अडीचपट मोठं दिसायला लागलं. दुरुस्तीच्या अंतरातला फरक दुप्पट झाला, किमतीतला दीडपट, आणि प्रतीतला फरक जेमतेम सव्वापटीच्या आतच राहिला, कारण प्रतीत क काही टोकाला नव्हता.

डंक पुढे होता तो प्रत आणि किमतीमुळे. पल्व्हरायझर पुढे आहे किलो आणि अंतरात. तुमचे चिंचोके वाटीत होते तसेच राहिले, पण एकेका चिंचोक्याचं वजन बदललं.

भरीला आदर्शही सरकला. आधी ताशी किलोचा आदर्श ९० होता, दोघंही त्यापासून लांब. आता आदर्श ३५, म्हणजे खुद्द ब.

---

रानजाई | सकाळी ७:०२

खोडकाका, शाळेतल्या वर्गासारखं झालं म्हणा हे. एक पोरगं ९८ मिळवणारं असलं की ६० आणि ७० वाले सारखेच दिसतात. ते शाळा सोडून गेलं की ७० वाल्याचा रुबाब.

---

एमएस्सी भाग दोन | सकाळी ९:१५

ताई, मुळात माणसांकडून भारांक घेणंच अशास्त्रीय आहे. एन्ट्रॉपी पद्धत वापरा. डेटाच भारांक सांगतो, व्यक्तिनिष्ठता राहत नाही. माझ्या प्रोजेक्टमध्ये तेच वापरलंय. नाहीतर एएचपी करा, साटी यांची. जोड्या लावून तुलना, १ ते ९ ची मोजपट्टी, सुसंगती तपासता येते.

---

बार्शीची लेक | सकाळी १०:४०

दोन्ही करून बघितलं, रविवार सत्कारणी.

एन्ट्रॉपीनं अंतराला ०.४३, ताशी किलोला ०.४२, किमतीला ०.१२ आणि प्रतीला ०.०३ दिले. चिंचोक्यांत सांगायचं तर वीसातला पुरता एकसुद्धा प्रतीच्या वाटीत नाही, जेमतेम अर्ध्याहून थोडा जास्त. कारण साधंय, ज्या रकान्यात आकडे जास्त पसरलेले त्याला जास्त भार. प्रतीचे गुण ५ ते ९ मध्ये, अंतर ४ ते ६० मध्ये. तिखट विकायचा धंदा आणि तिखट कसं आहे याला शून्य किंमत! हे ओसरीवर सांगितलं तर आई लॅपटॉप डंकात घालंल.

एएचपी आईला फोनवर विचारून केली. चार निकष म्हणजे सहा जोड्या. तिसऱ्या जोडीला अडकलो. मी विचारलं, प्रत किमतीपेक्षा किती पट महत्त्वाची? आई म्हणाली, "पट म्हंजी? किंमत रुपयांत मोजायची, परत काय मापानं मोजतीस तू? आन् किती सवस्त, ते सांग की आदी. शंभर रुपयांनी सवस्त आसंल तर मला परत पायजे. पन्नास हजारांनी सवस्त आसंल तर इचार करीन." तिनं तरी सहा उत्तरं दिली. सुसंगती गुणोत्तर (उत्तरं एकमेकांशी किती विसंगत, त्याचा आकडा) ०.१० च्या आत हवं, ते कुठल्या कुठं गेलं.

---

जुनं खोड | सकाळी ११:०५

तुमच्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा त्यांनी फोनवर एका वाक्यात मांडला. "किती स्वस्त ते आधी सांग." किंमत महत्त्वाची की प्रत, हा प्रश्न हवेतला आहे. किंमत कुठून कुठे जाते आणि प्रत कुठून कुठे जाते, हे समोर ठेवल्याशिवाय त्याला उत्तर नसतं. तुम्ही बायकांपुढे वाट्या ठेवल्या, पण पल्ला सांगितला नाही. प्रत्येकीनं मनात वेगळा पल्ला धरला असणार.

एएचपीतही क्रम उलटतो बरं का. बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यामुळं त्या वाटेला जाऊन सुटका नाही. तो भागाकार सोडून रकान्यातला सर्वांत वाईट आकडा शून्य आणि सर्वांत चांगला एक धरलात तरी टोकं यादीतल्या यंत्रांवरूनच ठरतात, यादी बदलली की टोकं सरकली.

उपाय जुना आणि कंटाळवाणा आहे. टोकं यादीतून घेऊ नका, गटाला विचारून घ्या. सर्वांत जास्त किती पैसे परवडतील? तिथे शून्य गुण. किती किमतीला "वा, स्वस्तात पडलं" म्हणाल? तिथे शंभर. असं चारही निकषांचं. मग यादीत कोणी आला-गेला तरी मोजपट्टी जागची हलत नाही. आणि चिंचोके पुन्हा वाटायला लावा, पण या वेळी असं विचारा: समजा एक यंत्र चारही बाबतीत शून्याला आहे. त्यातली एकच गोष्ट शंभरावर न्यायची मुभा आहे. कुठली न्याल? त्यानंतर कुठली?

---

टेंडरवाला | दुपारी १२:३०

खोडसाहेबांच्या बोलण्याला दुजोरा. आमच्याकडे गुणवत्ता आणि दर मिळून निवड करायच्या निविदा असतात, तिथेही हेच भूत आहे. दराचे गुण काढायचं सूत्र: सर्वांत कमी दर भागिले त्याचा दर, गुणिले १००. तीन जणांचे दर ४०, ५० आणि ६० लाख. गुण १००, ८० आणि ६६.७. दराला ३० टक्के भार असेल तर ५० वाला ६० वाल्याच्या चार गुणांनी पुढे. आता ४० वाला कागदपत्रांत बाद झाला. उरलेल्यांचे गुण १०० आणि ८३.३, फरक पाच गुणांचा. ६० वाला तांत्रिकमध्ये साडेचार भारित गुणांनी सरस असेल तर ४० वाला असताना तो ५० वाल्याच्या वर होता, आता खाली. ज्यानं काही केलं नाही त्याचं काम गेलं. नुसत्या एल-वनवर, म्हणजे सर्वांत कमी दरावर, निवड होते तिथे निदान ही भानगड नसते, तिथल्या भानगडी वेगळ्या.

अवांतर: म्हणून काही जण 'डमी' निविदा का भरायला लावतात, ते ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

---

एमएस्सी भाग दोन | दुपारी १:१०

पण मग सगळे शोधनिबंध टॉप्सिसच का वापरतात?

---

जुनं खोड | दुपारी १:२२

एका ओळीत उत्तर येतं म्हणून. आणि दशांशचिन्हानंतर तीन आकडे दिसले की कोणी वाद घालत नाही. टॉप्सिस वाईट आहे असं मी म्हणत नाही. यादी पक्की असेल, उद्या त्यात कोणी येणार-जाणार नसेल, तर वापरा. पण बाद करायचे ते आधी बाद करा. रंधा यांनी रात्री पावणेअकराला जो प्रश्न विचारला, तो पहिल्या पायरीचा होता. कमी प्रतीची भरपाई कमी किमतीनं होऊ शकते, पण फेज नसण्याची भरपाई कशानंच होत नाही. असल्या निकषाला भारांक नसतो, हो किंवा नाही असतं.

हीच भरपाईची अडचण मोठमोठ्या ठिकाणीही आलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकात आधी आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्नाची साधी सरासरी असायची. २०१० पासून भूमितीय सरासरी घेतात, म्हणजे एका बाजूची पडझड दुसऱ्या बाजूच्या श्रीमंतीनं सहजासहजी झाकली जात नाही.

---

बार्शीची लेक | पुढचा रविवार, रात्री ९:३०

धागा वर काढतेय. काल-आज गावी होते. पुन्हा ओसरी, पुन्हा वाट्या.

आधी टोकं ठरवली. ८० हजारांपुढं एक रुपया नाही, हप्ता झेपणार नाही. तिथं शून्य. ३० हजारांत मिळालं तर शंभर. दुरुस्तीवाला ४० किमीवर असेल तर शून्य, गावातच असेल तर शंभर. ताशी १० किलोला शून्य, ४० ला शंभर. प्रत ४ म्हणजे बाजारच्या पाकिटातलं तिखट, तिथं शून्य, १० ला शंभर. ('पाकिटातलं तिखट' हे शून्याचं नाव आईनं ठेवलं.)

मग खोडकाकांनी सांगितला तसा प्रश्न. चारही बाबतीत वाईट यंत्र आहे, त्यातली एकच गोष्ट सुधारता येते, कुठली सुधाराल? बाराजणींतल्या आठ जणी एका आवाजात म्हणाल्या, तिखट. आमचं नाव त्यावर जातंय. त्यानंतर किमतीवर आणि दुरुस्तीवर बरोबरीनं थांबलं. चिंचोके: प्रत ७, किंमत ५, दुरुस्ती ५, ताशी किलो ३.

यासाठी पॅकेजसुद्धा लागलं नाही. आरमध्ये प्रत्येक रकान्याची शून्य-ते-शंभर पट्टी करायची आणि मॅट्रिक्सला भारांकांनी गुणायचं, चार ओळी. अ ६४, ब ५३, ड ४०. क परत घालून बघितला, तो टोकांच्या बाहेर पडतो, पण या तिघांचे गुण जागचे हलत नाहीत. हायसं वाटलं.

भारांक थोडे इकडं-तिकडं करूनही बघितले. ताशी किलोचा भार वाढवत नेला, बाकीचे आपापल्या प्रमाणात कमी करत, तर ०.२६ च्या आसपास ब पुढं जातो. म्हणजे वीसात पाचांहून जास्त चिंचोके त्या वाटीत पडले तर. सध्या तीन आहेत. गटातल्या दोघी-तिघी मात्र ठामपणे म्हणतायत, की उन्हाळ्यात गर्दी असते, यंत्र जोरात चालणारंच हवं. त्यांना काय सांगू?

---

रानजाई | रात्री ९:५५

सांगू नको, विचार. दिवसाला मिरची किती किलो निवडून होते? आमच्या माहेरी तिखटाचा धंदा होता. यंत्र कधीच आडलं नाही, आडायचो आम्ही, देठं खुडत. मिरची वाळवायची, निवडायची, देठ काढायचं, थोडी तेलात परतायची, मग डंक. डंकापाशी येईस्तोवर निम्मा दिवस संपलेला असतो.

---

बार्शीची लेक | रात्री १०:१५

आईला फोन केला. झोपली होती, वैतागली. एका वेळी पाच-सहा जणीच येतात, दिवसभरात ४० ते ४५ किलो देठं काढून होतात. त्याच्यावर नाही.

४५ किलोला १२ च्या डंकावर चार तासांच्या आत काम फत्ते. मग ३५ किलोवालं यंत्र सव्वा तास चालणार आणि दिवसभर झाकून ठेवणार.

---

जुनं खोड | सोमवार, सकाळी ६:१०

मग तुमची ताशी किलोची पट्टी चुकलेली आहे. तुम्ही १० पासून ४० पर्यंत सरळ रेघ ओढलीत, जणू प्रत्येक जादा किलो सारख्याच मोलाचा. गटासाठी १२ किलोलाच शंभर गुण होतात आणि पुढची रेघ आडवी. पट्टी वाकडी काढायला हरकत नसते, आरमध्ये यंत्राचे ताशी किलो आणि १२ यांतला लहान आकडा निवडला की झालं.

रानजाई, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं.

---

बार्शीची लेक | सकाळी ८:४०

केलं. अ ७८, ब ५५, ड ५२. ताशी किलोत तिघांनाही शंभर, म्हणजे त्या वाटीत तीन चिंचोके टाका नाहीतर तेरा, क्रम तोच. जी वाटी अडली होती ती रिकामीच झाली की! गंमत म्हणजे ब आणि ड आता जवळ आले, पहिल्या दिवशी अ आणि ब होते तसे. पण खालच्या दोघांत कोण वर, याची कुणाला पडलीय.

---

टेंडरवाला | सकाळी ९:२०

एक शंका. गट पुढं-मागं बाहेरचं दळप घेणार असेल तर? मग ४५ किलोची मर्यादा राहत नाही. लोक आपली मिरची निवडून घेऊनच येतील. तेव्हा ३५ किलोचं यंत्र कमाई करेल.

---

बार्शीची लेक | सकाळी ९:३५

हा प्रश्न खरा आहे. त्याचं उत्तर आरमध्ये नाही, गटातही एकमत नाही. दोघी-तिघी ज्या 'जोरात चालणारं हवं' म्हणत होत्या, त्यांच्या डोक्यात हेच होतं, हे काल त्यांच्याशी बोलताना कळलं. त्यांना बाहेरचं दळप घ्यायचंय. बाकीच्यांना नकोय, कारण दळप म्हटलं की उधारी आली, आणि प्रत्येकीच्या मिरचीचा वास पुढच्या घाण्याला लागतो. इतके दिवस भांडण यंत्रावर चाललंय असं वाटत होतं.

पुढच्या बैठकीत तेवढंच ठरवणार. तोवर लॅपटॉप बंद.

---

रिकामटेकडा | सकाळी ९:५०

तिखटाचं काय झालं? मी पहिल्या दिवसापासून विचारतोय.

---

बार्शीची लेक | महिन्याभरानं, शनिवार, संध्याकाळी ६:०५

डंक आला. बैठकीत यंदापुरतं तरी फक्त आपलंच तिखट करायचं ठरलं, सात विरुद्ध पाच. अ वाल्यानं ऐनवेळी अडीच हजार वाढवून मागितले. पट्टी पक्की असल्यामुळं मी फोनवरच सांगितलं, की गुण ७८ वरून पावणेसत्त्याहत्तर होतात, देऊन टाका. आईनं न देता आणला.

पहिल्या दिवशी ३८ किलो झालं. रिकामटेकडा, तुमचं अर्धा किलो बाजूला ठेवलंय, पत्ता व्यनि करा.

दुपारी शेजारच्या वस्तीवरच्या दोघी डोक्यावर मिरचीची पोती घेऊन आल्या. बाहेरचं घेता का, विचारत होत्या. गटातल्या त्या पाच जणी आईच्या तोंडाकडं बघायला लागल्या. आईनं पोत्यात हात घातला, मूठभर मिरची काढून बघितली आणि म्हणाली, "देठं काढून आना, मग बघू."